वल्ह्याचा आवाज

— नाही, तिकडं नको. इकडं बसा, उजवीकडं. डावीकडं बसलात तर बोलणं वाया जाईल तुमचं, तो कान दुसऱ्या कामात गुंतलाय. खोका पायाशी ठेवा, कोणी नेत नाही. जोहोरचीच गाडी ना? ती इथंच लागते, त्या निळ्या खांबाला. अजून वेळ आहे. मी? मी कुठं जात नाही. पोचवायला आलोय. म्हणजे ज्यांना पोचवायचं ती माणसं अजून यायचीत. मी आधी आलो. इथल्या हॉस्पिटलात काम होतं, ते लवकर आटपलं, म्हणून आधी आलो. दुसरं काही कारण नाही.

खा तुम्ही, लाजू नका. माशाचा तळलेला केरोपोक गरम आहे तोवर खावा, गार झाला की चपलेचा तळ होतो. नको, मला नको. मासा नको म्हणून नाही, जन्मभर मासाच खात आलोय. आज घशाखाली उतरत नाही काही, एवढंच.

काय म्हणालात? — हो, कानच दाखवला. म्हातारपण? म्हातारपण नाही. माझं नाव एंबोंग, लोक पोक म्हणतात, म्हणजे काका. इथून वर किनाऱ्यानं जा आणि कुठल्याही जेटीवर पोक एंबोंग कोण म्हणून विचारा, पोरंसुद्धा पाण्याकडं बोट दाखवतील. मी मासा ऐकणारा आहे. हसू नका. तुम्ही आतले, डोंगराकडचे दिसता, तुम्हाला कुठून ठाऊक असणार. आमच्याकडं त्याला जुरु सेलाम म्हणतात. मी पाण्यात डोकं घालतो आणि कुठला मासा कुठं आहे ते सांगतो. माझा बाप सांगायचा, त्याचा बाप सांगायचा. शाळेत मी दोन इयत्ता गेलो असेन-नसेन, पण पाण्याखाली मला कोणी शिकवावं असं काही राहिलं नव्हतं. नव्हतं म्हणतोय. ऐकलंत ना — नव्हतं.

कसं म्हणजे? सोपं आहे आणि सोपं नाही. ऐकणाऱ्याची होडी लहान, ती पुढं. जाळ्याच्या होड्या मागं, लांब. इंजिन बंद करायचं. सगळ्यांनी गप्प. मागच्या होडीत कोणी खोकला तरी संध्याकाळी जेटीवर त्याची आई-माई काढतात. मी कडेला हात धरून पाण्यात उतरतो, डोकं खाली. वरती दुसरा माणूस वल्हं धरून होडी जागच्या जागी ठेवतो. ते वल्हं — ते वल्हं पाण्यात फिरलं तर चालतं, पण होडीच्या लाकडाला लागायचं नाही. लाकडावर लाकूड वाजलं की पाण्याखाली तो तडाखा बसतो आणि ढोमीचा थवा असा उधळतो की पुन्हा दिवसभर सापडत नाही. म्हणून — ते जाऊ दे. प्रत्येक माशाचा आवाज वेगळा. ढोमी जवळ असली तर तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी तडतडते, लांब असली तर नुसती बारीक, एकसुरी, रातकिड्यासारखी. मग आपण पाण्यात हळूहळू वळायचं, असं, अंगानं, नुसत्या मानेनं नाही. तोंड तिच्याकडं झालं की आवाज भरतो. पाठ झाली की विरळ होतो. जिथं भरतो तिथं मासा. तिकडं हात करायचा. एकदा हात वर गेला की प्रश्न नाही, सगळ्या होड्या तिकडं. सोळा घरांची चूल त्या हातावर. मी कधी हात उगीच वर केला नाही. जन्मात नाही.

— एकदा सोडून.

ताप आला होता. पावसाळी वाऱ्याचे महिने संपत आले होते, समुद्र उघडायच्या बेतात होता आणि घरात ताप शिरला. आधी नातू, मग बायको, आमची तिमाह, मग मी. नाकात काडी घालून बघितलं दवाखान्यात, म्हणाले व्हायरस आहे, मास्क लावून फिरायचो ना आपण, त्यातलाच. तिमाहच्या तोंडाची चव गेली, तिनं कालवणात दोनदा मीठ घातलं आणि आम्ही मुकाट खाल्लं. नातू तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागला. मी आडवा. मग ताप उतरला, अंगातून उतरला, आणि कानात राहिला. डाव्या कानात. किर्र — असं. एक क्षण थांबत नाही. पहिल्यांदा मला वाटलं फ्रिज. उठलो, फ्रिजचं बटण बंद केलं, झोपलो. सकाळी तिमाहनं आतली सगळी मासळी माझ्यासमोर आणून आपटली. मग मला वाटलं शेजारच्याचा पाण्याचा पंप. कुंपणाशी उभा राहून मी त्याला शिव्या घातल्या, म्हटलं अरे, माणसं आजारी आहेत, पंप बंद कर. तो बिचारा बनियनवर बाहेर आला, म्हणाला, ‘‘पोक, पंप जळून महिना झाला. आम्ही तुमच्याच विहिरीचं पाणी नेतोय.’’ हसा, हसा. मीही हसलो असतो, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

कानासाठी दवाखान्यात तेव्हाच का नाही गेलो — तुम्हीही तेच विचारा. सगळे तेच विचारतात. आज त्या डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, रागावून नाही, काकाला विचारावं तसं म्हणाल्या, ‘‘पाकचिक, ऐकू कमी आलं त्याच दिवसांत आला असतात तर काही करून बघता आलं असतं.’’ मी काय सांगणार? खोबरेल तेल लसूण घालून तापवलं आणि कानात ओतलं. दोनदा. दुसऱ्यांदा चटका बसला. कोणाला सांगितलं नाही. तुम्हीच बघा, एखाद्या आचाऱ्याची चव गेली तर तो बाजारात सांगत फिरतो का? मी ऐकणारा आहे. माझ्या कानात काय वाजतंय हे मी कोणाला सांगू? त्या जुसोहला? जुसोह म्हणजे जाळ्याच्या मोठ्या होडीचा सुकाणूवाला. चांगला आहे, पण त्याची जीभ म्हणजे — पडद्यावर मासे दाखवणारं ते यंत्र घ्यायचं त्याच्या डोक्यात केव्हापासून घोळतंय. आधीच मला म्हणतो, ‘‘पोक, कानाची बॅटरी बदला आता, मीच आणून देतो.’’ त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी यंत्र आणून होडीवर ठोकलं असतं. यंत्राला नुसते ठिपके दिसतात. मासा कुठला ते यंत्राला कळत नाही. रुसदीला कळतं.

रुसदी कोण? जावई माझा. त्यालाच पोचवायचंय.

तो आमच्यातला नव्हे. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, माझ्या पोरीनं, सुहैलानं, त्याच्याशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोललो नाही. म्हटलं, मोबाइलवाला माझ्या पायरीवर नको. लग्नाच्या जेवणात बसलो होतो, अंगणात लोक, ढोल, गोंधळ, आणि हा नवरामुलगा मान वर करून, बापाला हाक मारावी तसं मला म्हणतो, ‘‘आयाह, ती लांबून होडी येतेय ना, तिचं इंजिन मधेच एक ठोका गिळतंय.’’ मला होडीच दिसत नव्हती. अर्ध्या तासानं जेटीला लागली, आणि खरंच — इंजिन एक ठोका गिळत होतं. तो भात माझ्या हातात तसाच राहिला. तसे कान मी दुसऱ्या कोणाला पाहिले नाहीत. माझ्या बापालाही नव्हते. मला तर —

मी त्याला शिकवलं. वर्षानुवर्षं. नदीच्या तोंडाशी मानेपर्यंत उभा करायचा, मी लांब जाऊन पाण्यात दगडावर दगड मारायचा, त्यानं हात करायचा. चुकला की पाणी फेकायचो तोंडावर. बरोबर आला तरी काही म्हणायचो नाही. चांगला आहेस असं मी त्याला कधी म्हटलेलं नाही. आमच्यात नाही म्हणत. माझ्या बापानं मला म्हटलं नाही. तुमच्याकडं म्हणतात का? — म्हणत असतील.

मग समुद्र उघडला. पहिला दिवस. सोळा घरं पावसाळाभर बसून होती, सगळे जेटीवर, मी ताप काढून उठलेला, पोक एंबोंग निघाले म्हणून कोणी माझ्या हातात कॉफी देतंय, कोणी छत्री धरतंय. गेलो. वल्ह्यावर रुसदी होता. उतरलो पाण्यात. डोकं घातलं खाली. आणि काय सांगू — वर निदान वारा असतो, माणसं असतात. खाली दुसरं काही नाही, नुसतं तेच. किर्र. एक जागा बघितली, दुसरी बघितली. उन्हं वर आली. तिसऱ्या जागी डोकं घातलं आणि मला वाटलं, हीच ती. लांबची ढोमी असते ना, मघाशी सांगितलं, बारीक, एकसुरी? अगदी तशी. चूक होऊ शकते. मोठा थवा आणि फार लांब असला तर चूक कोणाचीही होऊ शकते. मी वर आलो, रुसदी खाली गेला. तशी रीत आहे, शिकणाऱ्यानं मागून ऐकून बघायचं. तो वर आला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि माझ्यापुरतं म्हणाला, ‘‘आयाह, इथं काही नाही. फार तर उत्तरेला थोडं काही आहे, पण ढोमी नव्हे.’’

मी हात वर केला.

होड्या आल्या, जाळं पडलं, ओढलं. चार खेकडे, चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या. सोळा घरांची माणसं माझ्याकडं बघतायत. आणि मग तो जुसोह, आपला सुकाणूला टेकून — ‘‘पोक, चिखल कुठल्या भावानं द्यायचा?’’ सगळे हसले. आणि मी म्हटलं — मी म्हटलं, ‘‘यानं वल्हं वाजवलं. थवा होता. यानं लाकडावर वल्हं आपटलं, थवा उधळला.’’

बस्स. एवढंच म्हटलं.

तुम्हाला त्यात काय एवढं वाटत असेल. आमच्या किनाऱ्यावर एखाद्याला चोर म्हणा, चालतं, तो भांडतो, दुसऱ्या दिवशी शेजारी बसून जेवतो. पण होडीत वाजणारा माणूस म्हटलं की त्याला कोणी होडीत घेत नाही. ऐकायच्या नाही, जाळ्याच्या नाही, कुठल्याच नाही. आणि मी म्हटलं म्हटल्यावर कोणी विचारलंही नाही. त्यांनी विचारायला हवं होतं! सगळ्यांना ठाऊक आहे, रुसदी वल्ह्याला चिंध्या गुंडाळतो. दांड्याला, जिथं कडेला टेकतं तिथं, सगळीकडं. आपल्या हातानं गुंडाळतो, दर महिन्याला नव्या. ते वल्हं वाजूच शकत नाही. त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी माझं खरं मानलं. का मानलं? मी पोक एंबोंग ना.

तो? त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वल्ह्याकडं बघितलं. घरी येताना होडी ओढायला लागला नेहमीसारखा. संध्याकाळी माझा हात हातात घेऊन कपाळाला लावला नेहमीसारखा. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी मला बोलता येतं.

मग काय, पंधरवडा बसून होता. एका होडीला विचारलं, दुसरीला विचारलं. सुहैलाला बायका म्हणायला लागल्या, तुझा नवरा ढोल वाजवायला ठेव. मी ऐकलं ते, ओट्यावर बसून, उजव्या कानानं. आता जोहोरला कोणा मावसभावानं जहाजाच्या कारखान्यात लावून दिलंय. लोखंड तोडायचं, घासायचं, ठोकायचं. आधी हा एकटा जाईल, मग सुहैला आणि नातू — काय? तुम्ही पण तिथलेच? त्याच कारखान्यातले नाही, शेजारच्या. असं.

मघापासून माझ्या लक्षात आलंय, तुम्ही मोठ्यानं बोलता. मला वाटलं म्हाताऱ्यासाठी बोलताय. ती केरोपोकवाली सुद्धा दचकली मघाशी. रागावू नका — तुम्हालाही कमी येतं का? दोन्ही? आणि वाजतं? वाजतं ना? कधीपासून? — पहिल्याच वर्षी? कानात घालायला देत नाहीत काही? देतात. मग? हां. उकडतं. घाम येतो, आणि मग मुकादमाची हाक ऐकू येत नाही, म्हणून काढून ठेवता. सगळेच काढून ठेवतात. म्हणजे तोही काढून ठेवील. तो नवा, तो आधी काढील, हाक ऐकू आली पाहिजे म्हणून. तो तसाच आहे, हाक चुकवणार नाही कोणाची.

गप्प बसा जरा. एक क्षण.

नाही, तुमच्यावर नाही ओरडलो. सांगतो. आज सकाळी त्यांनी मला एका खोलीत बसवलं, कपाटाएवढी, भिंतींना गादीसारखं काहीतरी. दार लावलं. कानावर ते गोल ठेवले आणि हातात बटण दिलं. काचेपलीकडून बाई म्हणाल्या, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. मी म्हटलं, मला काय शिकवता. बसलो ताठ. आणि आला आवाज. मी दाबलं. पुन्हा आला, दाबलं. एकही चुकवला नाही. दाबतोय, दाबतोय. तर दार उघडून बाई आत आल्या, माझ्या मुलीएवढ्या असतील, गुडघ्यावर बसल्या समोर, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘पाकचिक, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही.’’

हसला नाहीत तुम्ही. बरं केलंत.

मग त्यांनी नीट समजावलं. मी विचारलं, त्या तापामुळं झालं का? म्हणाल्या, असेल. व्हायरसच्या तापात कानाच्या आतली नस कधी कधी दुखावते, तसे पेशंट आम्ही बघतो. पण तुमचं वय आहे, इंजिनाशेजारी गेलेला जन्म आहे, खोल पाण्यातल्या बुड्या आहेत. नेमकं कशामुळं ते मी ठामपणे नाही सांगू शकत. इतकी यंत्रं समोर असून ती बाई म्हणते, ठाम नाही सांगता येत. आणि मी — मी हात वर केला होता.

जाईल का म्हटलं. म्हणाल्या, पुरतं जाईल असं वचन देत नाही, पण त्याच्यासोबत राहता येतं, लोक राहतात. अगदी शांत खोलीत बसायचं नाही, शांततेत ते मोठं होतं. झोपताना पंखा लावा, रेडिओ बारीक ठेवा, पाण्याचा आवाज असला तर फारच छान. दर घटकेला ‘आहे का अजून’ म्हणून शोधायला जायचं नाही. शोधलं की ते सापडतं. चिंतेनं वाढतं. डाव्या कानाला यंत्र लावून बघू, बाहेरचं ऐकू यायला लागलं की आतलं मागं पडतं बऱ्याच जणांचं. आणि तेल नाही घालायचं, काडी नाही घालायची, काही नाही घालायचं. तुम्हीही घालू नका. तुम्हीही जा एकदा, त्या बाई चांगल्या आहेत, ओरडत नाहीत. आणि ते कानातलं काढत जाऊ नका हो. उकडलं तर उकडलं.

सगळं लिहून घेतलं त्यांनी, आणि शेवटी उठता उठता सहज विचारलं, ‘‘पाण्यात असताना डोकं वळवलं तर आवाज कमी-जास्त होतो का?’’ मी म्हटलं, नाही. माशाचा होतो. हा नाही होत. हा माझ्याबरोबर वळतो. मी उत्तरेला झालो की हाही उत्तरेला, मी दक्षिणेला की हाही — त्या दिवशी मी पुरा एक फेरा घेतला तरी कुठं भरला नाही की कुठं विरळ झाला नाही, सगळीकडून सारखाच —

हो. त्या दिवशी. पाण्यातच.

काय बघताय माझ्याकडं असे? मी सांगितलं ना, चूक होऊ शकते. नव्या माणसाची होऊ शकते. मी नवा आहे का? मला डोकं घातल्या-घातल्या कळलं, तो मासा नव्हे. रुसदी खाली जायच्या आधी कळलं होतं. पण मागं सोळा घरं उभी होती, आणि मी कॉफी पिऊन निघालो होतो, आणि पोक एंबोंगला ऐकू येत नाही हे त्या पाण्यात मला एकट्याला ठाऊक होतं. त्यानं वर येऊन सांगितलं नसतं तर कदाचित मी हात खालीच ठेवला असता. त्यानं सांगितलं, खरं सांगितलं, म्हणून मी हात वर केला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही कोण, कुठले, पुन्हा भेटणार नाही. म्हणून तोंडातून गेलं.

तिमाहला? नाही सांगितलं. तिला सांगायचं काय राहिलंय. सकाळी मी हॉस्पिटलात निघालो तर ही दारात, तांदूळ निवडत. मान वर न करता म्हणाली, ‘‘त्या वल्ह्याला या महिन्यात गुंडाळल्या त्या चिंध्या माझ्या सारोंगाच्या. मी फाडून दिल्या, मी गाठी मारल्या. ते वाजेल कसं?’’ एवढंच. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी चप्पल घातली आणि निघालो. रस्ताभर डावा कान नुसता तापल्यासारखा.

वाक्य एवढंसं आहे. वल्हं वाजलं नव्हतं. बघा, म्हणता येतं. तुमच्यासमोर येतं. सकाळपासून म्हणून बघतोय, बसमध्ये म्हटलं, त्या कपाटात बसून म्हटलं. रुसदीला बाजूला घेऊन म्हणायला काय, म्हणेन. तो मान डोलावेल, माझा हात कपाळाला लावील आणि गाडीत चढेल. कारण त्याला म्हणून काय उपयोग, त्याला ठाऊकच आहे. ते होडीवाल्यांसमोर म्हटलं पाहिजे. आणि ते म्हटलं की मी संपलो. उद्या माझ्यासाठी कोणी कॉफी धरणार नाही. पोरं पाण्याकडं नाही, ओट्याकडं बोट दाखवतील. बाप गेला तेव्हाही इतकी भीती मला वाटली नव्हती. नाही म्हटलं तर काय होईल? काही नाही. गाडी सुटेल. तो तिथं लोखंड ठोकील, वर्षभरात तुमच्यासारखा मोठ्यानं बोलायला लागेल. आमच्या पाण्यावर असे कान पुन्हा येणार नाहीत. आणि मी पंखा लावून झोपेन. रेडिओ बारीक ठेवून.

ती आली वाटतं गाडी. तुमची हो — निळ्या खांबाला. चढा, जागा मिळवा. थांबा, खोका विसरताय.

ती पांढरी व्हॅन दिसते का? कठड्याला लागलीय ती. सुहैला उतरतेय, कडेवर नातू. तो बॅगवाला, उंच, तो रुसदी. आणि व्हॅन चालवत — जुसोह आहे. जुसोह कशाला आला? त्यानं व्हॅन दिली असणार, सामान जड म्हणून. बॅग उचलतोय त्याची. मागून आणखी दोघं उतरतायत, जाळ्याच्या होडीवरचे. पोचवायला आलेत सगळे. ज्याला होडीत घेत नाहीत त्याला पोचवायला आलेत.

बरं आहे. बरंच आहे.

उठा तुम्ही आता. रागानं नाही सांगत — ती बाजू मोकळी करा. उजवीकडं रुसदी बसेल. बाकीचे उभे राहू देत समोर, उभ्यानंच ऐकू देत. नाही, त्याची बॅग चढवायला नका सांगू ड्रायव्हरला. तुमची चढवा. जा म्हटलं ना. कानातलं काढू नका.

— ए जुसोह! बॅग खाली ठेव. इकडं या सगळे.